इटलीला एका पंगतीला बसवणारे आर्तुसी

२०२५ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या अमूर्त वारसा समितीची बैठक दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरली होती. त्या बैठकीत आपली दिवाळी वारशाच्या यादीत गेली आणि सगळ्यांना आनंद झाला. त्याच बैठकीत इटलीची स्वयंपाकपरंपराही यादीत दाखल झाली, याकडे मात्र आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. एखादा पिझ्झा किंवा एखादे चीज नाही, सबंध देशाचा स्वयंपाक!

आम्हाला तेव्हा एक साधा प्रश्न पडला. इटली हा एक देश म्हणून उभा राहिला १८६१ मध्ये. त्याआधी तिथे सात-आठ राज्ये होती. कुठे ऑस्ट्रियाचा अंमल, कुठे पोपचा, कुठे नेपल्सच्या राजाचा. मिलानच्या माणसाला नेपल्सच्या माणसाची बोली कळत नसे, तर त्याचे जेवण कुठून कळणार? मग इटलीचे जेवण असे काही आहे, हे ठरवले कोणी?

इटलीच्या एकीकरणाची नावे मराठी माणसाला नवी नाहीत. मॅझिनीचे लेखन सावरकरांनी मराठीत आणले, त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये पुण्यात निघाले. गॅरिबाल्डीचे नाव आमच्या आजोबांच्या पिढीला शिवचरित्राच्या जोडीला आठवत असे. पण मॅझिनी-गॅरिबाल्डींनी जोडलेल्या देशाची चूल ज्यांनी जोडली, त्या पेल्लेग्रीनो आर्तुसींचे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. इटलीत मात्र ते घराघरात आहे. तिथे नुसते आर्तुसी म्हटले तरी माणूस आणि पुस्तक दोन्ही समजतात, जसे आपल्या घरात रुचिरा म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

आर्तुसींचा जन्म ४ ऑगस्ट १८२० चा. गाव फॉर्लिंपोपोली, रोमान्या प्रांतातले एक लहानसे गाव, त्या वेळी पोपच्या राज्यात. वडील आगोस्तिनो हे किराणा-मसाल्याचे व्यापारी. पेल्लेग्रीनो म्हणजे यात्रेकरू, आपण वारकरी म्हणू या. हे त्या भागातल्या एका संताचे नाव. जवळच्या बेर्तिनोरो गावच्या धार्मिक शाळेत मुलाचे शिक्षण झाले, पुढे बोलोन्यात जाणे-येणे झाले, पण शेवटी वडिलांच्या दुकानाच्या कामात ते पडले. तीस वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या आयुष्यात लिहून ठेवावे असे काही दिसत नाही.

मग २५ जानेवारी १८५१ ची रात्र आली. रोमान्यात तेव्हा स्तेफानो पेल्लोनी नावाच्या दरोडेखोराचा धुमाकूळ होता. लोक त्याला पास्सातोरे म्हणत, म्हणजे नदी पार करून देणारा नावाडी. त्या रात्री गावच्या नाट्यगृहात खेळ होता आणि गावातली बरीच पैसेवाली मंडळी तिथे बसलेली होती. अंक संपला, पुन्हा पडदा वर गेला, तर रंगमंचावर नटांऐवजी बंदुका रोखलेले दरोडेखोर उभे! त्यांनी यादी वाचून एकेकाला उठवले, त्याच्या घरी नेले आणि घर धुऊन काढले. आर्तुसी कुटुंब नाटकाला गेले नव्हते. दरोडेखोरांनी घरच्या ओळखीच्या माणसाला पुढे करून दार उघडायला लावले. पैसा गेला, तो पुढे मिळवता आला. पण धाकटी-थोरली मिळून घरात ज्या बहिणी होत्या, त्यांतल्या जेर्त्रूदेवर त्या रात्री जे गुदरले त्याने तिचे मन कायमचे मोडले. तिला पेझारोच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. ती पुन्हा घरी आली नाही.

पेल्लोनी दोनच महिन्यांत मारला गेला. गंमत अशी की पुढे लोककथांनी त्याला गरिबांचा कैवारी केले, कवींनी त्याला सभ्य म्हटले आणि विसाव्या शतकात रोमान्याच्या वाइन उत्पादकांच्या संघाने त्याचाच दाढीवाला चेहरा आपले चिन्ह म्हणून बाटल्यांवर लावला. जेर्त्रूदेचे चित्र कुठल्याही बाटलीवर नाही. लोकपरंपरा म्हटले की आपण लगेच हात जोडतो, पण तिच्यात कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, हे अधूनमधून पाहिलेले बरे.

त्या गावात राहणे आता आर्तुसींना शक्य नव्हते. थोड्याच काळात सगळे कुटुंब डोंगर ओलांडून फ्लॉरेन्सला आले. अंतर फार नाही, पण राज्य वेगळे, बोली वेगळी, बाजारही वेगळा. फ्लॉरेन्सला आर्तुसींनी रेशमाचा व्यापार आणि सावकारी पेढी चालवली आणि चांगले नाव मिळवले. उरलेल्या बहिणींची लग्ने करून दिली. स्वतः मात्र लग्न केले नाही. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी व्यापारातून अंग काढून घेतले आणि द'आझेलिओ चौकातल्या घरात पुस्तके, दोन मांजरे आणि स्वयंपाकघर यांच्या सोबतीने राहू लागले. मधल्या काळात देश एक झाला होता. १८६५ ते १८७१ इटलीची राजधानी फ्लॉरेन्सच होती, त्यामुळे तुरीनपासून पालेर्मोपर्यंतचे अधिकारी, कारकून, वकील आपापल्या जिभा घेऊन त्या शहरात उतरलेले आर्तुसींनी पाहिले. बदलीच्या नोकरीत असलेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. नव्या गावी हजर झालेला कर्मचारी पहिली चौकशी खोलीची करतो आणि दुसरी खानावळीची.

आर्तुसींना खरे तर साहित्यिक व्हायचे होते. १८७८ मध्ये त्यांनी कवी फॉस्कोलोचे चरित्र काढले, १८८१ मध्ये जुस्ती या कवीच्या पत्रांवर टिपणे काढली. दोन्ही पुस्तकांची कुणी दखल घेतली नाही. मग वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १८९१ मध्ये, त्यांनी पाककृतींचे पुस्तक लिहून पुरे केले. स्वयंपाकातले शास्त्र आणि चांगले जेवण्याची कला, असा त्याच्या नावाचा अर्थ. एका विद्वान स्नेह्याने हस्तलिखित पाहून हे काही चालणार नाही असे सांगितले. प्रकाशकांनी टोलवाटोलवी केली. शेवटी आर्तुसींनी स्वतःच्या खर्चाने सल्वातोरे लांदी यांच्या छापखान्यात एक हजार प्रती छापून घेतल्या आणि पुस्तक आपल्या बियांकानी व सिबिल्लोने या दोन मांजरांना अर्पण केले.

जन्मगावी धर्मादाय जत्रा भरणार होती, तिथल्या सोडतीसाठी त्यांनी दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या, त्यांनी त्यांची थट्टा केली आणि तंबाखूवाल्याकडे विकून टाकल्या. कागद पुड्या बांधायच्या कामाचा. ही हकिकत आर्तुसींनी स्वतःच पुढच्या आवृत्त्यांच्या सुरुवातीला छापली आणि आपल्या पुस्तकाची कहाणी सिंड्रेलाच्या कहाणीसारखी आहे असे लिहिले. आम्हाला हा माणूस आवडतो तो इथे. अपमान लपवला नाही, त्याचा तमाशाही केला नाही, फक्त नोंद केली.

नोंदीवरून आठवले. पुस्तकात प्रत्येक पाककृतीला क्रमांक आहे, आवक-जावक नोंदवहीत असतो तसा. क्रमांक एक साध्या मांसरश्शाचा. पहिल्या आवृत्तीत ४७५ क्रमांक होते, १९११ च्या सुमाराला ७९० झाले. ते वाढले कसे, यातच सगळी गोष्ट आहे. पहिल्या हजार प्रती संपायला चार वर्षे लागली. आर्तुसी घरूनच टपालाने पुस्तक विकत. पुस्तकाबरोबर पत्ता जाई, मग पत्रे येऊ लागली. कोणी बाई लिही की आमच्याकडे यात लसूण घालत नाहीत. कोणी आपल्या आजीची कृती पाठवी. आर्तुसी ती कृती घरात करून पाहत. त्यांचा आचारी फ्रांचेस्को रुफिल्ली हा त्यांच्याच गावचा, आणि घर सांभाळणाऱ्या मारिएत्ता साबातिनी या तोस्कानातल्या एका खेड्यातल्या. दोघांनी कृती करायची, मालकांनी चाखायची, बिघडली तर पुन्हा करायची. जमली तरच तिला क्रमांक मिळे. मापे नव्या राज्याने लागू केलेल्या ग्रॅममध्ये. आपल्याकडे शेर-पायलीचे किलो-लिटर झाले तेव्हा घरातल्या बायकांची किती वर्षे गोंधळात गेली, हे वडीलधाऱ्यांना विचारा. तेच तिथे शंभर वर्षे आधी चालले होते. टपाल खाते आणि रेल्वे ही नव्या देशाची दोन हाडे. त्यांच्यावर आर्तुसींनी मांस चढवले.

पण त्याहून मोठे काम भाषेचे. देश एक झाला तेव्हा इटालियन बोलणारे किती होते? एका भाषाशास्त्रज्ञाच्या हिशेबाने शंभरात जेमतेम अडीच, दुसऱ्याच्या हिशेबाने फार तर दहा. बाकी सगळे आपापल्या बोलीत. आणि जी स्वयंपाकाची पुस्तके होती, ती मोठ्या घरच्या आचाऱ्यांसाठी, निम्म्या फ्रेंच शब्दांनी भरलेली. आर्तुसींनी फ्लॉरेन्सच्या घरगुती इटालियनमध्ये लिहिले, फ्रेंच शब्द शक्य तिथे हाकलले आणि पुस्तकाच्या सुरुवातीला अवघड शब्दांचे अर्थ दिले. माशांच्या कालवणाच्या कृतीत त्यांनी एक अडचण मांडली आहे. तोस्कानाच्या किनाऱ्यावर त्या कालवणाला काच्युक्को म्हणतात, पूर्वेच्या किनाऱ्यावर ब्रोदेत्तो. पण फ्लॉरेन्समध्ये ब्रोदेत्तो मागितले तर अंडे आणि लिंबू घातलेले पावाचे सूप पुढे येते, जे ईस्टरला करतात. देशाच्या एकीसारखीच शब्दांचीही एकी व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे. आम्हा इंदूरकरांना हे लगेच पटेल. नागपूरचे पाहुणे भाजीत वरून सांबार घालायला सांगतात, तेव्हा त्यांना कोथिंबीर हवी असते, आणि आमच्या सूनबाई इडलीचे सांबार शोधत बसतात.

वांग्याची हकिकत तर आम्ही खास सांगणार आहोत. आर्तुसी फ्लॉरेन्सला आले त्या काळात तिथल्या मंडईत वांगी आणि बडीशेपेचा पांढरा गड्डा जवळजवळ दिसतच नसे. कारण काय, तर ते ज्यू लोकांचे खाणे म्हणून बाकीचे नाक मुरडत. आर्तुसींनी हे स्पष्ट लिहिले आणि वर असेही लिहिले की चांगले काय ते ओळखण्यात ज्यूंचे नाक ख्रिस्ती लोकांपेक्षा तेज ठरले, आणि ते काही वांग्यापुरतेच नाही. कुसकुसची कृती देताना त्यांनी सांगितले की हा पदार्थ मूळ अरबांचा, ज्यूंनी आपल्या भटकंतीत तो जगभर नेला, आणि दोघा ज्यू स्नेह्यांनी तो आपल्याला खाऊ घालून करायची रीत दाखवली. इटलीत ज्यूंना पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्तीत राहावे लागत होते. अशा लोकांच्या घरचा पदार्थ देशाच्या पुस्तकात, इतरांच्याच रांगेत, क्रमांक देऊन बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यावर त्यांनी भाषण दिलेले नाही. कृती दिली.

आणि शुद्ध परंपरा शुद्ध परंपरा म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे. ज्याशिवाय आज इटालियन जेवणाची कल्पना येत नाही तो टोमॅटो अमेरिकेतून आलेला. बटाट्याच्या न्योक्कीतला बटाटा तिथलाच, पोलेंता ज्या मक्याचा करतात तो मकाही तिथलाच. न्योक्की आणि टोमॅटोचा रस्सा साऱ्या देशात पोचवण्याचे श्रेय अभ्यासक आर्तुसींनाच देतात. टोमॅटोच्या कृतीत त्यांनी एका पाद्रीबाबांची कथा घातली आहे. हे बाबा गावातल्या प्रत्येक घरच्या भानगडीत नाक खुपसत, म्हणून लोकांनी त्यांचे नाव टोमॅटोबाबा ठेवले, कारण टोमॅटोही सगळीकडे घुसतो! आपले तरी वेगळे काय आहे? बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा, तरी तो एकादशीला चालतो. मिरचीही त्यांनीच आणली. आणि आमच्या सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, ज्याच्यावर आमचे माळव्याचे प्रेम जडले आहे, तो त्याच अमेरिकेच्या मक्याचा. दोनशे वर्षांपूर्वी होळकरांच्या मागोमाग आलेली आमची घरे होळीला पुरणपोळी करतात आणि रविवारी दाल-बाफले. यातले परके कोणते, हे आमच्या मुलांना सांगता येत नाही. त्यांनी तो विचारही करू नये असे आम्हाला वाटते.

पुस्तकातला एक किस्सा अंगावर काटा आणतो. १८५५ मध्ये आर्तुसी समुद्रस्नानासाठी लिव्होर्नोला गेले. खानावळीत मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचे घट्ट सूप जेवले आणि एका गृहस्थांच्या घरात खोली घेतली. रात्रभर पोटात कालवाकालव. त्यांनी सगळा दोष सुपाला दिला आणि सकाळी गाडी धरून फ्लॉरेन्स गाठले. तिथे बरे वाटले. आणि बातमी आली की लिव्होर्नोत पटकी पसरली आहे आणि ते घरमालक तिला पहिल्यांदा बळी पडलेल्यांत आहेत. एवढे सांगून आर्तुसी मिनेस्त्रोनेची कृती देतात! पाककृतीच्या पुस्तकात मरण सांगून लगेच भाज्या चिरायला घेणारा लेखक आम्ही दुसरा पाहिला नाही. वाचक टिकले ते अशा गोष्टींमुळे.

मात्र पंगतीत सगळ्यांची पाने मांडली गेली नाहीत, हेही लिहायला हवे. पुस्तकात रोमान्या, तोस्काना, बोलोन्या भरपूर आहेत. मिलानचा केशरी भात आहे, नेपल्सची मॅकरोनी आहे, सिसिलीचे थोडेफार. पण दक्षिणेतल्या पुष्कळ प्रांतांचे नाव शोधावे लागते. नेपल्सचा पिझ्झा पुस्तकात आहे असे वाटून कोणी पान उघडले तर बदाम आणि रिकोत्ता घातलेला एक गोड पदार्थ मिळतो. आज जग ज्याला पिझ्झा म्हणते त्याचा पत्ता नाही. गरिबाची चूलही नाही. उत्तरेकडच्या शेतमजुरांना त्याच काळात तीन वेळा नुसता मक्याचा पोलेंता मिळे, आणि त्या एकाच अन्नामुळे होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने त्यांची कातडी सोलून निघे, डोके फिरे. मेक्सिकोचे लोक मका चुन्याच्या पाण्यात उकळतात त्यामुळे त्यांना हा रोग होत नसे. युरोपात मका आला, चुन्याची युक्ती मागे राहिली. १८८० ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी तीस लाख माणसे इटली सोडून गेली, ती चांगले जेवण्याची कला वाचून गेली नाहीत. आर्तुसींचे पुस्तक मध्यमवर्गाचे होते. ज्याच्या घरी कोंबडी रोज शक्य आहे असे नाही, पण रविवारी नक्की आहे, अशा माणसाचे.

त्या वर्गाने मात्र ते डोक्यावर घेतले. आर्तुसींच्या हयातीत पन्नास हजारांहून जास्त प्रती खपल्या. मुलीच्या लग्नात हे पुस्तक देण्याची रीत पडली. आर्तुसी शेवटपर्यंत पत्रांना उत्तरे देत राहिले आणि नव्या आवृत्तीची दुरुस्ती करत राहिले. ३० मार्च १९११ रोजी, नव्वदी ओलांडून, ते फ्लॉरेन्समध्ये वारले. त्याच महिन्यात देश आपल्या एकीकरणाची पन्नास वर्षे साजरी करत होता. सान मिनियातोच्या टेकडीवर त्यांना पुरले.

मृत्युपत्र उघडले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की ज्या गावाने पुस्तक तंबाखूवाल्याला विकले होते, त्या फॉर्लिंपोपोलीला त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा, पुस्तके आणि कागदपत्रे दिली होती. दुसरी अशी की पुस्तकाचे हक्क त्यांनी फ्रांचेस्को आणि मारिएत्ताबाईंच्या नावे केले होते. आपल्याकडे अनेक घरांचा स्वयंपाक दुसऱ्याच्या हाताने झाला आणि नाव घरचे झाले. इथे निदान पैसे तरी ज्यांनी चुलीशी उभे राहून केले त्यांच्याकडे गेले. मारिएत्ताबाईंच्या हातच्या गोड पावाला तर आर्तुसींनी हयातीतच पुस्तकात त्यांचे नाव देऊन ठेवले होते, पानेत्तोने मारिएत्ता.

फॉर्लिंपोपोलीत १९९७ पासून दर उन्हाळ्यात आर्तुसींच्या नावाचा उत्सव भरतो. नऊ दिवस गल्ल्यांतून टेबले मांडलेली असतात, आपल्या गणेशोत्सवातल्या आनंदमेळ्यासारखी. २००७ मध्ये गावातल्या जुन्या मठाच्या इमारतीत कासा आर्तुसी ही संस्था उभी राहिली. तिथे त्यांचा ग्रंथसंग्रह आहे, वाचकांनी पाठवलेली पत्रे आहेत आणि स्वयंपाकाची शाळाही आहे. शाळेत शिकवणाऱ्या गावातल्या बायकांना मारिएत्ता म्हणतात. लांब लाटण्याने पिठाची पारी कागदासारखी पातळ कशी लाटायची, हे त्या येणाऱ्यांना हात धरून शिकवतात.